बाईसाहेबांकडे बघू नये

सरडा बशीतलं पाणी पीत नाही, ही गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळली. यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण सकाळी सात वाजता घासूनपुसून लख्ख केलेल्या बशीत गाळलेलं पाणी घेऊन एखाद्या सरड्यापुढे अदबीनं पंधरा मिनिटं उभे राहून बघा. त्यानं एक डोळा तुमच्यावर आणि दुसरा छतावर लावून तुमची दखलच घेतली नाही, की मग बोलू. माझा असा अपमान ऑफिसात मोठ्या साहेबांनीही कधी केला नव्हता, आणि त्यांना तर त्याचाच पगार मिळतो.

तो सरडा नव्हता, मादी होती, हे आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. लेकीनं तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. रंग बदलणाऱ्या सरड्यांची जात, वीतभर अंग, जवळजवळ तेवढीच शेपटी, डोक्यावर एक ताठ उंचवटा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवण्याची सोय. लेकीच्या खोलीत तिचा माझ्या उंचीचा जाळीचा पिंजरा आहे, आत कुंडीतलं खरं झाड, वर दिवा. शेजारच्या काचेच्या पेटीत एक जाड शेपटीची ठिपकेवाली पाल, जी दिवसभर फुटक्या कुंडीखाली झोपते. खाली टबात कासव. कोपऱ्यात भोकं पाडलेल्या डब्यात रातकिडे. रातकिडे पाळीव नव्हेत, ते बाकीच्यांचं जेवण. पण त्या जेवणालाही रोज जेवायला घालावं लागतं, गाजर किसून.

लेकीला परगावच्या मोठ्या प्राणी रुग्णालयात बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. पूर्ण करील त्याला नोकरी, मधेच सोडील त्याचं नाव कायमचं खोडायचं, असा तिथला खाक्या. दोन वर्षं पोरगी या एका पत्राची वाट बघत होती, आणि पत्र आल्यावर म्हणते, मी जात नाही, प्राण्यांचं कोण करणार. मी म्हटलं, मी करीन की. यावर तिनं माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. ते बघणं मला लागलं. अहो, सव्वीस वर्षं मी पर्यवेक्षक आहे. माझ्या हाताखाली एक्केचाळीस माणसं आहेत, आणि मागे कोणीतरी उभं राहिल्याशिवाय जगातलं कुठलंही काम होत नाही, हा माझा अनुभव आहे. तीन जनावरं मला जड जाणार होती का?

तिचा बेत प्राणी मैत्रिणीकडे ठेवायचा होता. पण मैत्रिणीनं मांजर पाळल्याचं कळलं आणि नाइलाजानं मी उरलो. जिना उतरता उतरता ती म्हणाली, "बाबा, बाईसाहेबांना काही झालं तर मला लगेच सांगायचं. असेन तशी निघून येईन मी." बोटाएवढी होती तेव्हापासून तिनं तिला वाढवलेलं. ती खरंच असेल तशी निघून आली असती, याची मला खात्री होती. म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. बाईसाहेबांना काही झालं की लेकीची नोकरी गेली.

कपाटावर तिनं दिनक्रमाची यादी टांगली होती. सातला दिवा लावायचा. झाडावर पाण्याचा फवारा मारायचा, कारण बाईसाहेब पानावरचे थेंब चाटतात. हे मी बशीच्या प्रसंगानंतर वाचलं. रातकिडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे आणि मग द्यायचे. कासवाला पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं. पालीच्या कुंडीखालचं शेवाळ ओलं ठेवायचं. संध्याकाळी सातला दिवा बंद. आणि शेवटी, दिवसातून दोनदा एक नजर टाकायची. दिनक्रम वाईट नव्हता, पण त्यात नोंदीची काहीच सोय नव्हती. मुलगी हुशार आहे, फक्त अनुभव कमी. मी एक जाड वही आणली, वेळ, रंग, डावा डोळा, उजवा डोळा आणि शेरा असे रकाने आखले आणि दिवसातून दोनदाच्या जागी दर पंधरा मिनिटांनी, अशी सुधारणा केली.

आणि काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याच दिवशी मला याचं वेड लागलं. पावडरीत घोळवलेला एक रातकिडा निसटून माझ्या शर्टावर चढला. मी झटकणार एवढ्यात समोरून काहीतरी सपकन आलं, छातीवर गार, ओली टिचकी बसली आणि रातकिडा गायब. बाईसाहेब फांदीवर बसून सावकाश चावत होत्या. ती त्यांची जीभ होती. मी इतक्या जोरात हाक मारली की बायको हातातलं टाकून धावत आली. मी तिला शर्टावरचा ओला ठिपका दाखवला. ती म्हणाली, शर्ट धुवायला टाका. मी तोच शर्ट घालून ऑफिसला गेलो आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणांना ठिपका दाखवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो वाळला, मग मी जागा दाखवली.

त्यानंतर मी साडेपाचलाच जागा होऊन सात वाजायची वाट बघायला लागलो. कासव कोमट पाण्यात बसलं की पाचव्या मिनिटाला तिथेच सगळं उरकून घ्यायचं, आणि लेकीनं हे चांगलं लक्षण म्हणून लिहिलेलं असल्यामुळे मी त्याला शाबासकी द्यायचो. पालीनं एकदा एक डोळा उघडला, त्याची मी वेगळ्या पानावर नोंद केली. पण खरा जीव जडला तो बाईसाहेबांवर. आमच्या ऑफिसात एखाद्याला सरडा म्हणायचं म्हणजे शिवी असते, आणि मीही ती सढळ हातानं दिलेली आहे. आता वाटतं, काय अन्याय केला आपण. बाईसाहेब भिंत बघून रंग बदलत नाहीत की माणूस बघून गोड होत नाहीत. बरं वाटत असलं की पोपटी, राग आला की काळपट. मनात असेल ते अंगावर. इतकं सरळ कोणी आमच्या ऑफिसात असतं तर त्याची बदली झाली असती.

चौथ्या दिवशी रातकिडे संपत आले. लेकीनं नवे मागवून ठेवले होते, पण पार्सल घरी न येता पार्सल ऑफिसात अडकलं. जिवंत माल आहे, समक्ष येऊन घ्यावा, असा निरोप आला. तिथल्या कारकुनानं डबा माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं की यावर नग अडीचशे असं लिहिलंय, तेव्हा मोजल्याशिवाय सही होणार नाही. दुसरा कोणी असता तर चिडला असता. मला खरं म्हणजे भरून आलं. नियमाप्रमाणे काम करणारा माणूस आजकाल बघायला मिळत नाही. मी स्वतः डबा उघडून दिला.

पहिले त्रेचाळीस ठीक मोजले गेले. मग मोजलेल्यांतल्या एकानं न मोजलेल्यांत उडी मारली. कारकून म्हणाला, पहिल्यापासून. मी माझ्या अनुभवाच्या जोरावर सुचवलं की मोजलेले माझ्या जेवणाच्या डब्यात टाकत जाऊ. त्यानं ते मान्य केलं आणि आम्ही दोघं एकशे बारापर्यंत सुरेख पोचलो. तिथे मागच्या रांगेतल्या एका बाईंच्या मानेवर एकशे तेरावा बसला. त्या किंचाळल्या, कारकून दचकला, त्याचा हात डब्याला लागला आणि पुढची दहा मिनिटं त्या ऑफिसात एकही माणूस जमिनीवर नव्हता, माझ्याखेरीज. मी गुडघ्यांवर होतो. दीडशेएक मला परत मिळाले. बाकीचे पार्सलांच्या मागे गेले. कारकुनानं 'प्रत्यक्ष मोजणीत तूट' असा शेरा मारला आणि ही तूट माझ्या समक्ष पडली, असं लिहून माझी सही घेतली. शेरा बिनचूक होता.

माझ्या बाहीत, खिशात आणि मोज्यात किती होते, ते मात्र कोणी मोजलं नव्हतं. ते घरी आल्यावर उतरले आणि न्हाणीघराच्या पाइपाच्या बोळातून इमारतभर पसरले. रातकिड्याचा आवाज चार मजले कसा फिरतो, ते तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात. समोरच्या काकूंना वाटलं, त्यांचा फ्रिज बिघडला. मेकॅनिकनं फ्रिज उघडला, तो बरा निघाला, आणि काकू आवाजाचा माग काढत आमच्या दारात आल्या. त्यांच्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. या इमारतीत कोणाच्याही दारात दोन माणसं उभी राहिली की तिसरे ते असतात.

सेक्रेटरींनी पाळीव प्राण्यांचा अर्ज पुढे केला. त्यात प्राण्याचा प्रकार या सदरात कुत्रा, मांजर आणि पक्षी एवढेच पर्याय होते. बाईसाहेब फांदीवर बसतात, या मुद्द्यावर बरीच चर्चा होऊन त्यांना पक्ष्यांत घेण्यात आलं. पुढचं सदर होतं रंग. आता मी खोटं लिहू शकत नाही, तो माझा स्वभावच नाही. मी लिहिलं, सकाळी पोपटी, सेक्रेटरी आल्यावर काळपट. सेक्रेटरींनी ते वैयक्तिक घेतलं. दुसऱ्या दिवशी ते समितीच्या दोन सदस्यांना घेऊन पाहणीला आले, तेव्हा बाईसाहेबांच्या अंगावर पिवळे ठिपके होते. काल बघितलेली ही नव्हेच, असं त्यांचं मत पडलं. तिसऱ्या पाहणीत ती तपकिरी निघाली आणि मी परवानगी नसताना तीन सरडे लपवून ठेवले आहेत, असा संशय कागदावर आला.

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कोणी लेखी संशय घेतलेला नाही. मी वही समोर टाकली. पाच दिवस, दर पंधरा मिनिटांनी, रंगाची नोंद. सेक्रेटरींनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा बदलला. एका नोंद ठेवणाऱ्या माणसानं दुसऱ्याला ओळखलं, तो क्षण मी विसरणार नाही. फक्त एक त्रुटी त्यांनी काढली. मी ऑफिसात असतो तेव्हा सहा तास रकाने कोरे का? त्यांचं बरोबर होतं. मग मी पाळ्यांचा तक्ता केला. साडेदहा ते एक काकू, एक ते साडेतीन सेक्रेटरी, पुढे बायको. बायको म्हणाली, मला कामं आहेत. मी तिचं नाव तसंच ठेवलं.

दोन दिवस काम काय झकास चाललं. पिंजऱ्यापुढे दोन खुर्च्या, मधे स्टुलावर वही, येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला वाव. खालच्या मजल्यांवरून माणसं यायची, चहा व्हायचा, बाईसाहेबांनी डोळा फिरवला की सगळे एकदम माना वळवायचे. इतकी वर्षं एका जिन्यावरून चढउतर करणारी माणसं पहिल्यांदा माझ्याकडे येऊन बसत होती आणि मी त्यांना जिभेची गोष्ट सांगत होतो. मी खूश होतो. सातव्या दिवशी बाईसाहेबांनी जेवण बंद केलं.

समोर रातकिडा धरला तर त्या तोंड फिरवायला लागल्या. एरवी झाडाच्या शेंड्यावर बसणारी ती जमिनीवर उतरून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पंजे घासत फिरायला लागली. रंग गडद, वर निळे-पिवळे डाग. पोट फुगलेलं. संध्याकाळी फोनवर लेकीनं विचारलं, सगळं ठीक ना, आणि मी म्हटलं, एकदम. माझ्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. काकूंचं निदान होतं, पोट बिघडलंय, दोन दिवस लंघन करू द्या. ती ते आपण होऊनच करत होती. सेक्रेटरी म्हणाले, एकटेपणा. त्यांनी घरून आरसा आणून पिंजऱ्याला टेकवला, म्हणजे तिला सोबत वाटेल. आरशातली सरडी बघून बाईसाहेब क्षणात काळ्या ठिक्कर पडल्या, अंग फुगवलं, तोंड उघडून फिस्कारल्या आणि आरशावर तुटून पडल्या. आरसा काढला, पण तिचा रंग परत येईना. मी रजा टाकली आणि पंधरा मिनिटांऐवजी दर पाच मिनिटांनी नोंद सुरू केली. तब्येत बिघडल्यावर लक्ष वाढवायला नको का? नवव्या दिवशी त्या खोलीत बाईसाहेब धरून नऊ जण होते.

शेवटी बायकोनं वहीतला कागद टर्रकन फाडून त्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर लिहून माझ्या हातात दिला. लेकीच्याच यादीत तो मागच्या बाजूला होता. यादीला मागची बाजू असेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर मला तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, अंडी आहेत पोटात. मी त्यांच्या नजरेला आणून दिलं की आमच्या घरात नर नाही. ते म्हणाले, कोंबडी घालते ना नराशिवाय, तशीच ही. तिला खणायला वीत-दीड वीत ओली वाळू हवी. वाळू नसेल तर ती अंडी धरून ठेवते, आणि फार दिवस धरली तर मरते. बादलीत वाळू भरून आत ठेवा, पिंजरा चारी बाजूंनी कापडानं झाका.

"आणि तिच्याकडे कोणी बघू नका," ते म्हणाले. "कोणी बघतंय असं वाटलं तर खणलेलं तसंच टाकून बाहेर येते ती. सध्या फार कोणी बघत नाही ना?"

मी म्हटलं, दर पाच मिनिटांनी. लेखी नोंद आहे.

मग ते म्हणाले, नोंद बंद करा, आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसलो. खोलीत सात माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ती बिचारी सगळ्यांकडे पाठ करून पंजे घासत होती. ती दोन दिवस आम्हाला एकच गोष्ट सांगत होती, जा इथून, आणि मी ती गोष्ट रंगाच्या रकान्यात लिहून घेत होतो. बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "पोरीची गणितं आठवतात? तुम्ही शेजारी बसलात की चुकायची. उठून गेलात की बरोबर यायची." मला आठवत होती. दहा वर्षं मी शेजारी बसलो होतो.

मग मात्र मी उठलो. वीस मिनिटांत खोली रिकामी केली. पलीकडच्या गल्लीत एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या मुकादमाकडे वाळू मागितली. किती घरं बांधायचीत, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, एकच, आणि तेही खणून. बादली भरून आणली तर लिफ्टपाशी सेक्रेटरी. बांधकामाचं साहित्य लिफ्टमधून नेता येत नाही, हा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नियम न मोडता बादलीची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघं चार जिने चढलो. वाळू चाळली, मुठीत दाबली तर गोळा राहील इतपत ओली केली. बादली आत ठेवून पिंजऱ्याभोवती दोन चादरी बांधल्या, दार लावलं आणि मी स्वयंपाकघरात येऊन बसलो.

आता तुम्हाला वाटेल, न बघणं म्हणजे काय, काहीच न करणं. मी आयुष्यात इतकं दमवणारं काम केलेलं नाही. पहिल्या तासात मी त्या दारापर्यंत सात वेळा गेलो आणि सात वेळा परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावायला जावंच लागणार होतं. मी उलटा गेलो. पाठ आधी, पाय मागे सरकवत, हात मागे करून बटण शोधत. बटण सापडलं, पण त्याआधी कासवाचा टब सापडला. एक पाय टबातल्या पाण्यात घेऊन मी तसाच उभा राहिलो, आवाज नको म्हणून, आणि तेव्हा चादरीच्या आतून मला ते ऐकू आलं. खर्र. थांबून पुन्हा खर्र. ती खणत होती. मी ओला पाय घेऊन आलो तसा उलटा बाहेर गेलो आणि बायकोला मिठी मारली. तिनं आधी मोजा काढायला सांगितलं.

ही बातमी चार मजल्यांवर गेली आणि सबंध इमारत गप्प झाली. काकूंनी फ्रिज बंद ठेवला, कारण तो खरंच थोडा आवाज करतो, असं त्यांना आता वाटत होतं. सेक्रेटरींनी जिन्यात एक कागद लावला, चौथ्या मजल्यावर कोणीही काहीही बघू नये. माणसं आमच्या दारासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायला लागली. एक जण कठड्यावर आपटला. आणि आत ती खणत राहिली, दुपारी, संध्याकाळी, मधे थांबून, पुन्हा.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. दहावा दिवस होता. दोन दिवस मी इकडचंतिकडचं बोलून वेळ मारून नेली होती.

"बाबा, बाईसाहेब दाखवा ना."

"आत्ता नाही दाखवता येत."

"का?"

मी चहाचं आधण ठेवायला वळलो. तिचा चेहरा उतरला. पडद्यावर तिच्यामागे पलंगावर उघडी बॅग दिसत होती, आणि ती बोलता बोलता तिच्यात कपडे टाकत होती. "ती गेलीय का? खरं सांगा. मी निघतेय."

मग मी सगळं सांगितलं. वही सांगितली, पाळ्या सांगितल्या, आरसा सांगितला. 'एकदम' म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगितलं. लेकीनं कपडे टाकायचे थांबवले.

"आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"तुम्ही कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात. काल संध्याकाळपासून."

"आत गेलाच नाहीत?"

"दिवा लावायला गेलो होतो. उलटा."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ तिनं माझ्याकडे कधी बघितलं होतं, मला आठवत नाही. मग तिनं बॅगेतला वरचा शर्ट काढला, घडी घालून मागे ठेवला आणि म्हणाली, "मग मी इथेच थांबते, बाबा." फोन ठेवल्यावर मी एक धुतलेला कप पुन्हा बराच वेळ धूत बसलो.

अकराव्या दिवशी सकाळी उलटा आत गेलो, तेव्हा खणण्याचा आवाज नव्हता. दिवा लावला आणि वळणार नाही म्हणता म्हणता चादरीवर सावली दिसली. सावली बघणं म्हणजे बघणं होतं की नाही, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. बाईसाहेब वर फांदीवर होत्या. रिकाम्या पिशवीसारखं अंग, कंबर आत गेलेली, पाय वाळूनं जाडे झालेले. मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, झालं तिचं काम. अंडी मी संध्याकाळी येऊन काढतो, वाळूला हात लावू नका. आता तिला तहान लागली असेल, मरणाची. बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडा, पिंजऱ्यावर ठेवा, थेंब थेंब पानावर पडू दे. प्यायली तर जगली. आणि आता बघायला हरकत नाही.

बाटली भरली, बायकोनं सुईनं भोक पाडलं. आम्ही दोघं आत गेलो. मी पुढची चादर सोडली, बाटली वर, ताटली खाली ठेवली आणि दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. परवानगी होती, तरी. मागे थेंब पानावरून घसरून खालच्या ताटलीत पडत होते. टप. टप. मी बायकोचा हात धरला होता.

तिनं दबक्या आवाजात विचारलं, "पितेय का हो?"

"मला काय माहीत? मी भिंतीकडे बघतोय."

"मीपण."

टप. टप. मग टप थांबलं. बाटली नुकतीच भरलेली होती. आम्ही श्वास धरून उभे राहिलो, आणि थेंब काही ताटलीपर्यंत येईनात.